अंत्यदर्शन चुकलं, दुःख अडून राहिलं

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 15 मार्च 2020 रोजी कोरोनाने मरण पावलेल्यांच्या मृतदेहांबाबत सूचना काढल्या. मृतदेह गळणार नाही अशा पिशवीत ठेवावा, पिशवी बाहेरून 1 टक्का हायपोक्लोराइटने निर्जंतुक करावी, हे त्यात होतंच. पण कर्मचाऱ्याने चेहऱ्याकडची चेन उघडून नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ द्यायला हरकत नाही, पोथी वाचता येईल, तीर्थ शिंपडता येईल, राखेपासून धोका नाही, अस्थी नेता येतील, हेही लिहिलेलं होतं. मनाई होती ती अंघोळ घालायला, कवटाळायला, चुंबन घ्यायला. पुढे टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसांची मर्यादा आली. 2021च्या दुसऱ्या लाटेत तर स्मशानांवर इतका ताण आला की असंख्य कुटुंबांना कागदावर मिळालेलं ते दर्शनही लाभलं नाही. माणूस रुग्णवाहिकेत बसून गेला आणि काही दिवसांनी अस्थींचं मडकं हातात आलं. मधलं काहीच कुणी पाहिलं नाही.

संसर्ग रोखायला निर्बंध हवे होते, याबद्दल वाद नाही. पण त्यांनी दुःख पचवण्याची नेहमीची रीतच मोडली, आणि त्याचे परिणाम आजही घराघरांत दिसतात.

आपल्याकडच्या दुखवट्यात नेमकं काय होतं ते पाहा. घरात चूल पेटत नाही, शेजारी-पाजारी कडू घास घेऊन येतात. रक्षा सावडायला कोण जाणार, दहाव्याला भटजी कोण ठरवणार, पाहुण्यांची सोय कुठे, ही कामं वाटली जातात. आणि दहा-तेरा दिवस माणसं भेटायला येत राहतात. प्रत्येक जण विचारतो, "कसं झालं हो?" घरचे सांगतात. पहिल्या दिवशी वाक्य पुरं होत नाही. दहाव्या दिवसापर्यंत तीच हकिकत वीस-पंचवीस वेळा सांगून झालेली असते, तिला सुरुवात आणि शेवट आलेला असतो. सांगता सांगता मन हळूहळू मान्य करतं की माणूस खरंच गेला.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999मध्ये मांडलेला विचार इथे तंतोतंत लागू पडतो. शोकातलं मन दोन बाजूंना ये-जा करतं. कधी ते गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतं, तर कधी उरलेल्या संसाराची घडी बसवू लागतं. दोन्ही लागतं, आणि ही ये-जा चालू राहणं हेच महत्त्वाचं. आपला तेरा दिवसांचा दुखवटा ती ये-जा आपोआप घडवून आणतो. टाळेबंदीत दारावर विलगीकरणाचा कागद, घरात आणखी दोघं तापाने फणफणलेली, आणि फोनवर नातेवाइकांचं एकच वाक्य: "काळजी घ्या." हकिकत कुणी विचारली नाही, म्हणून ती सांगितली गेली नाही.

बहुतेक माणसं तरीही हळूहळू सावरतात, हे आधी सांगायला हवं. पण काहींचं दुःख अडून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या स्थितीला स्वतंत्र स्थान आहे आणि तिथे किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने मार्च 2022मध्ये आपल्या निदानसूचीत ती घेतली. तिथे मोठ्या माणसांसाठी बारा महिने आणि मुलांसाठी सहा महिने लागतात. मराठीत आपण त्याला प्रदीर्घ शोक म्हणू. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा सतत त्याचेच विचार, हे मुख्य लक्षण. जोडीला ही लक्षणं पाहतात: तो गेलाय यावर विश्वास न बसणं, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा-वस्तू टाळणं, आपलाच एक भाग गेल्यासारखं वाटणं, खोल वेदना किंवा राग, बधिरपणा, माणसांत मिसळता न येणं, जगणं निरर्थक वाटणं, कमालीचं एकाकीपण. यांतली तीन तरी गेला महिनाभर जवळजवळ रोज असतील आणि त्यामुळे कामधंदा, घर विस्कटत असेल, तर तो अडकलेला शोक समजावा. हे नैराश्य नव्हे, जरी दोन्ही एकत्र असू शकतात.

कोरोनाच्या मृत्यूंत यात एक जास्तीची गाठ पडते, ती अपराधीपणाची. "मीच बाहेरून आणला" हा विचार कित्येक मुलगे, सुना, नवरे अजून वागवतात. इथे विज्ञानाचा थेट उपयोग होतो. सुरुवातीच्या विषाणूत लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 2 ते 14 दिवस लागत, सरासरी पाचेक. लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकत होता, आणि काहींना लक्षणं दिसतच नसत. त्यामुळे घरात आधी कोण खोकला यावरून विषाणू कोणी आणला हे ठरवता येत नाही. हे एकदा शांतपणे, तारखा कागदावर मांडून समजावलं तर फरक पडतो. "असं मनात आणू नकोस" या वाक्याने पडत नाही.

दुसरी गाठ न पाहिलेल्या शेवटच्या दिवसांची. जे पाहिलं नाही तिथे मन सर्वांत वाईट चित्र भरतं: तो हाका मारत असेल, कुणी पाणी दिलं नसेल. रुग्णालयाकडून उपचाराची कागदपत्रं मिळवावीत, ओळखीच्या डॉक्टरांकडून ओळ अन् ओळ समजून घ्यावी. ऑक्सिजन कधी लावला, गुंगीचं औषध कधी सुरू झालं, हे कळलं की कल्पनेतली पोकळी भरते. कागदांत दुखावणारंही निघू शकतं, म्हणून हे एकट्याने वाचू नये.

राहून गेलेला निरोप उशिरा घेता येतो. वर्षश्राद्धाला किंवा दुसऱ्या एखाद्या दिवशी तेव्हा येऊ न शकलेल्यांना बोलवावं, आणि त्या दिवशी जेवणावळीपेक्षा बोलण्याला वेळ ठेवावा. ज्यांना मयताला गुस्ल म्हणजे दफनाआधीचं स्नान देता आलं नाही, चर्चमध्ये प्रार्थना करता आली नाही, त्यांनीही आपापल्या रीतीने दिवस ठरवावा. रडायची किंवा बोलायची सक्ती मात्र कुणावर करू नये.

मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या प्रेमापोटीच होतात. "बाबा देवाघरी झोपलेत", "गावाला गेलेत" असं सांगितलेलं मूल झोपायला घाबरतं किंवा वाट पाहत राहतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे पुरतं उमगत नाही, म्हणून ते तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं, प्रत्येक वेळी तेच साधं उत्तर द्यावं: "बाबा वारले. त्यांचं शरीर थांबलं. ते परत येणार नाहीत. तुझी काळजी मी घेणार आहे." फोटो लपवू नयेत. राज्यातल्या शाळा मार्च 2020पासून बंद होत्या आणि पहिलीच्या मुलांसाठी डिसेंबर 2021पर्यंत उघडल्या नाहीत, म्हणजे आई-वडील गमावलेल्या चिमुकल्यांना त्या काळात बाई आणि मित्रही नव्हते. आज किशोरवयात असलेली ही मुलं चिडखोर किंवा गप्प झाली असतील तर ते वयाचं लक्षण म्हणून सोडून देऊ नये.

एकल झालेल्या बायकांचं दुःख कागदपत्रांनी पुढे ढकललं. मृत्यूचा दाखला, वारसनोंद, 50 हजारांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज, कर्जाचे हप्ते, सासरचा ताबा. वर्ष-दोन वर्षं धावपळीत गेली आणि रडू नंतर फुटलं. तेव्हा आजूबाजूचे म्हणतात, "अजून काय तेच?" अशा वेळी तिच्यासोबत तहसील कचेरीत जाणारं एक माणूस ही खरी मानसिक मदत असते.

झोपेच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. सवय लागते आणि शोक आहे तिथेच राहतो. प्रदीर्घ शोकावरची सर्वांत तपासलेली उपचारपद्धत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी विकसित केलेली, सोळा सत्रांची आहे. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 395 जणांच्या चाचणीत नैराश्यावरच्या सिटालोप्रॅम या औषधाने शोक कमी करण्यात या उपचाराच्या फायद्यात विशेष भर घातली नाही. सोबतचं नैराश्य मात्र उपचाराला औषधाची जोड दिल्यावर जास्त कमी झालं. या सत्रांमध्ये रुग्ण डोळे मिटून मृत्यूची बातमी कळली तेव्हापासूनची हकिकत मोठ्याने सांगतो, ती ध्वनिमुद्रित होते, आणि तो ती घरी ऐकतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगतो. टाळलेल्या जागांकडे पायरी-पायरीने जातो: आधी रुग्णालयाच्या रस्त्यावरून, मग फाटकापर्यंत. "कसं झालं हो?" या प्रश्नाचं जे काम दुखवट्यात व्हायचं, तेच इथे प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने होतं.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात सुरुवात करता येते. टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. "त्याच्याकडेच जावंसं वाटतं" असं कुणी म्हणालं तर ती नुसती ओढ आहे की जीव द्यायचा विचार, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होय असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये, घरातली औषधं-कीटकनाशकं दूर करावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.