छतावरची वीज की दूरच्या प्रकल्पातली? सार्वजनिक इमारतींच्या हिशेबाची पार्श्वभूमी

सरकारी इमारतींवर सौरऊर्जा आली ती १९७०च्या दशकातील तेलटंचाईनंतर. १९७९ मध्ये व्हाइट हाऊसवर ३२ पॅनेल बसले, पण ते पाणी तापवणारे होते. १९८६ मध्ये छताच्या दुरुस्तीसाठी ते उतरवले आणि पुन्हा चढवलेच नाहीत. छताची दुरुस्ती आजही अनेक प्रस्तावांत धरलेली नसते. पॅनेल २५ वर्षे टिकतात, वॉटरप्रूफिंग बहुधा त्याआधीच संपते, आणि सगळा सांगाडा उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च बचतीतून जातो. म्हणून वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर. इन्व्हर्टरही (पॅनेलची वीज इमारतीत वापरण्याजोगी करणारे यंत्र) साधारण १०-१५ वर्षांत बदलावा लागतो.

पुढे धोरणांनी छताला झुकते माप दिले. जर्मनीच्या २०००च्या कायद्याने ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटला ठरावीक दर बांधून दिला. अमेरिकेच्या २००५च्या कायद्यात संघीय इमारतीच्या आवारात तयार होऊन तिथेच वापरलेली अक्षय वीज सरकारच्या अक्षय वीजवापराच्या उद्दिष्टात दुप्पट मोजली जाई. युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशानेही इमारतीवर किंवा जवळपास तयार होणाऱ्या विजेवर भर दिला.

दरम्यान पॅनेल स्वस्त झाले आणि मोठे जमिनीवरचे प्रकल्प प्रतियुनिट खर्चात छताच्या पुढे गेले. त्यांत सूर्यामागे फिरणारे सांगाडे बसतात, धुणे-देखभाल एका जागी होते. मात्र प्रकल्पाच्या फाटकावरचा दर इमारतीच्या मीटरवरच्या दराशी ताडून पाहणे ही फसवी तुलना आहे. दुरून येणाऱ्या युनिटवर वहन आकार (वीज तारांवरून आणण्याचे शुल्क) आणि वहनातील तूट चढते. छतावरचे युनिट इमारतीतच वापरले, तर बिलातला पूर्ण ऊर्जा आकार, म्हणजे त्या युनिटचा दर, वाचतो.

न वापरलेल्या युनिटचे काय, यावर मात्र सगळे अवलंबून आहे. नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा करण्याची पद्धत) ते खरेदीच्याच दराने वळते होई. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जदारांसाठी तो मोबदला बराच कमी केला. अशा नियमात सुट्टीत बंद राहणाऱ्या शाळेचे गणित लगेच बिघडते. रुग्णालय चोवीस तास चालते, पण तिथे छत अपुरे पडते: एका किलोवॉटला पॅनेलचीच जागा सुमारे ५ चौरस मीटर लागते, आणि सावली टाळण्याचे अंतर व चालण्याची वाट धरली की ती १० च्या आसपास जाते. मागणी आकारातली (महिन्यातल्या सर्वाधिक भारावर लागणारे शुल्क) बचतही गृहीत धरू नये. महिन्यातली एकच ढगाळ दुपार ती घालवू शकते.

आधी वर्षभराच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या वापरनोंदी काढाव्यात आणि त्या तासागणिक अपेक्षित निर्मितीशेजारी मांडाव्यात. अतिरिक्त विजेला भाव कमी असेल, तर सुट्टीच्या दुपारीही इमारतीत चालू राहणारा वीजवापर पाहून छताची क्षमता ठरवावी. त्यापलीकडच्या गरजेसाठी, विशेषतः रुग्णालयांच्या, बाहेरच्या प्रकल्पाचे दर सर्व आकारांसह मागवावेत.