गृहीतकाचा प्रश्न आला की ऑप्शन उलटा करून बघा

आमच्याकडं लातूरला सीसॅट (स्पर्धा परीक्षेतला आकलन, तर्क आणि गणिताचा पेपर) आणि बँकिंगची तयारी करणारी जी पोरंपोरी येतात त्यांचं गणित बरं असतं, पण गृहीतक म्हणजे असम्प्शनचा प्रश्न आला की दोन ऑप्शनमध्ये अडकतात, दोन्ही बरोबर वाटतात, मग अंदाजानं एक टिक करून मोकळे होतात. यूपीएससीच्या सीसॅटला एक प्रश्न अडीच मार्कांचा, चुकला की त्यातला एक तृतीयांश कापतात, म्हणून अंदाज महागात पडतो.

गृहीतक म्हणजे लेखकानं न बोलता धरलेली गोष्ट, जी काढून घेतली तर निष्कर्ष उभाच राहत नाही. मग ती काढूनच बघायची. ऑप्शनचं उलट वाक्य करा, ते खरं माना आणि निष्कर्ष परत वाचा. निष्कर्ष कोसळला तर तेच उत्तर, आणि काहीच फरक पडला नाही तर तो ऑप्शन कितीबी खरा वाटला तरी सोडा.

आता हे बघा: ‘ठिबकवर उसाला पाणी कमी लागतं. म्हणून गावातल्या सगळ्या उसाला ठिबक केलं की विहिरींचा उपसा कमी होईल.’

पहिला ऑप्शन, ठिबक सगळ्यांना परवडतं. उलटं केलं तर सगळ्यांना परवडत नाही. बरं मग? लेखक तर ‘केलं की’ म्हणतोय, खर्चाचं बोलतच नाही, त्याचा निष्कर्ष जागेवरच आहे. दुसरा ऑप्शन, वाचलेल्या पाण्यावर शेतकरी तेवढ्याच पाण्याचा नवा ऊस लावणार नाहीत. उलटं करा, लावतील. मग उपसा होता तेवढाच राहिला की! संपला निष्कर्ष, हेच गृहीतक. आता आपल्या भागातली पोरं इथं म्हणतात सर पाणी वाचलं की ऊस वाढतोच, मग हे गृहीतक कसं. अरे ते खरंय का खोटं हे विचारलेलंच नाही, लेखकाला त्याची गरज आहे का एवढंच विचारलंय.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते उलटं करतानाच. ‘सगळे’चं उलट ‘कुणीच नाही’ असं लई जण करतात, ते ‘सगळे नाहीत’ असं पाहिजे, म्हणजे एक जरी सुटला तरी झालं. ‘काही’चं उलट मात्र ‘एकही नाही’. ‘नेहमी’चं ‘नेहमीच असं नाही’. जास्त ताणून उलटं केलं की भलताच ऑप्शन निष्कर्ष पाडतो आणि तुम्ही फसता.

ही ट्रिक फक्त आवश्यक गृहीतकाला चालते. ‘कोणतं विधान मानलं तर निष्कर्ष नक्की निघतो’ असं विचारलं असेल तर तिथं लावू नका, कारण असं विधान खोटं ठरलं तरी निष्कर्ष दुसऱ्या कारणानं टिकू शकतो. आणि प्रत्येक ऑप्शनला लावत बसू नका, टाइम जातो. विषयाबाहेरचे आधी काढा, उरलेल्या दोघांना लावा.

सराव करताना उलटं वाक्य वहीत पूर्ण लिहा, मनातल्या मनात नको. अडलं तर ती वही घेऊन सेंटरवर या, बॅच लावलेली नसली तरी चालंल.