गाडीतून जळक्या ऑइलचा वास येतोय?

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीत गाडी लावली आणि बोनेटमधून जळक्या ऑइलचा वास आला, की अनेकांच्या डोळ्यांपुढे थेट इंजिनकामाचा खर्च उभा राहतो. इतकं घाबरू नका. बहुतेक वेळा इंजिनाच्या आत काहीच बिघडलेलं नसतं. बाहेर कुठून तरी झिरपलेलं ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाइपवर) पडून जळत असतं. पण दुर्लक्षही करू नका. चढावर मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांपर्यंत तापतो आणि ऑइल साधारण २०० अंशांच्या पुढे गेलं की त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. एखादा थेंब धुमसून विझतो; गळती वाढली तर आग लागू शकते.

वास ऑइलचाच आहे ना?

घाटातल्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट जळते. तो वास जळक्या कागदासारखा असतो आणि थोडा वेळ थांबलं की जातो. उतारावरचा उग्र वास ब्रेकचा, गोडसर वास कूलंटचा. प्लास्टिक जळल्यासारखा वास आला तर मात्र गाडी लगेच बंद करा. वायरिंग असू शकतं. सायलेन्सरला चिकटलेली कॅरीबॅग असली तरी तसाच वास येतो, म्हणून खाली वाकूनही बघा.

ऑइलचा वास जड असतो, कढईत तेल करपल्यासारखा. धावत्या गाडीत तो कमी जाणवतो, सिग्नलला थांबलं की वाढतो. कारण एसीचा पंखा समोरच्या काचेखालच्या जाळीतून हवा ओढतो आणि उभ्या गाडीत बोनेटमधली वाफ तिथेच जमते. आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबलं की वास जातो, गळती तशीच राहते.

घरी एवढं बघा

गाडी सपाट जागेवर लावून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. छोट्या गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण १ लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर आधी ऑइल भरा, मगच गाडी हलवा. रात्री इंजिनाखाली एक पुठ्ठा ठेवा. सकाळी तपकिरी-काळा डाग दिसला तर इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी दिसला तर कूलंट. स्वच्छ पाणी एसीचं, त्याची काळजी नको.

डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला तर रस्त्याच्या कडेला घेऊन तिथेच इंजिन बंद करा. बऱ्याच जणांना वाटतं तो दिवा ऑइल कमी झाल्याचा. तो प्रेशरचा आहे. त्यानंतर 'गॅरेजपर्यंत जाऊ' म्हणून चालवलेले दोन किलोमीटरही इंजिन जाम करू शकतात. आम्हाला फोन करा, गाडी टो करून आणू.

आमच्याकडे काय होतं

ऑइल खाली ओघळतं आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) ओला दिसला म्हणून गळती चेंबरचीच, असं नसतं. आम्ही इंजिन पुसून, चालू ठेवून, टॉर्च घेऊन वरून खाली शोधत येतो.

नेहमीचं ठिकाण म्हणजे टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, रबरी पॅकिंग. नवं रबर बोटाने दाबलं की दबतं. वर्षानुवर्षं तापलेलं पॅकिंग वाकवलं तर कडकन तुटतं. अनेक पेट्रोल गाड्यांत याच कव्हरमधून ऑइल स्पार्क प्लगच्या खड्ड्यातही उतरतं, मग गाडी मिसिंग करते, म्हणजे झटके देत चालते. जुन्या पॅकिंगवर सिलिकॉन थापून काम भागवणं आम्हाला मान्य नाही. त्याचे तुकडे आत पडून ऑइलची जाळी चोक करतात. पॅकिंग नवं बसवतो आणि बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क पान्याने आवळतो. जास्त आवळलं तर नवं पॅकिंगही पिळवटून बाहेर येतं. त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साठणारा वायू बाहेर काढणारी झडप) तपासतो. तो चोक असेल तर आतला दाब ऑइल बाहेर ढकलत राहतो आणि महिन्याभरात गाडी पुन्हा दारात येते.

सर्व्हिसिंगनंतर लगेच वास आला तर सांडलेलं ऑइल जळत असेल. ते थोड्या अंतरात थांबतं. दुसऱ्या दिवशीही आला तर या. चेंबरच्या नटाचा वायसर बदललेला नसेल, किंवा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहून नवा फिल्टर तिच्यावर बसला असेल. काम आमच्याकडचं असेल तर पैसे लागणार नाहीत.

खरं इंजिनकाम कधी, हे सायलेन्सर सांगतो. सकाळी स्टार्ट करताना क्षणभर निळा धूर असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील. ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर येत असेल तर रिंग-पिस्टन, टर्बो असलेल्या गाडीत टर्बोही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून आकडा दाखवल्याशिवाय आम्ही इंजिन खोलत नाही, आणि खोलण्याआधी खर्च लिहून देतो.

येताना वास कधी येतो ते आठवून ठेवा: थंड असताना, चढावर की थांबल्यावर. इंजिन मात्र धुऊन आणू नका. ऑइलचा ओघळ धुतला गेला तर गळती शोधायला आम्हाला गाडी पुन्हा काही दिवस चालवून बघावी लागते.