वस्तऱ्याच्या मुठीच्या पट्ट्या: शिंगापासून कापडाच्या थरांपर्यंत

घडीच्या वस्तऱ्याचं पातं कार्बन पोलादाचं असतं आणि मिटल्यावर ते मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये बंद होतं. पट्टीने ओल धरली की पात्याला गंज चढतो. गोव्याच्या पावसाळ्यात तर हमखास. म्हणून पट्टी कशाची, हा प्रश्न निव्वळ देखणेपणाचा नाही.

पूर्वी शिंग, हस्तिदंत, कासवाचं कवच वापरत. शिंग दमट हवेत वाकतं, त्याला कीडही लागते. 1870 नंतर सेल्युलॉइड आलं. दिसायला हस्तिदंतासारखं, शिवाय स्वस्त. पण जुनं सेल्युलॉइड कुजू लागलं की त्यातून आम्लधर्मी वाफा सुटतात. जुना वस्तरा घेताना नीट पाहावं: शेपटी (पात्याचं मुठीबाहेर राहणारं टोक) स्वच्छ आणि पट्ट्यांमध्ये झाकला जाणारा भागच गंजलेला असेल, तर दोष बहुधा मुठीचा. ती मूठ आधी काढावी. नुसती पात्याची सफाई करून भागत नाही.

1907 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट, म्हणजे फिनॉलिक रेझिनचं प्लास्टिक, शोधलं. 1910 च्या सुमारास वेस्टिंगहाउस या अमेरिकन कंपनीने कागद-कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून मायकार्टा काढलं, ते विजेच्या निरोधकासाठी. सुऱ्यांच्या मुठींना ते पुढे लागलं. फिनॉलिक पक्कं होताना पाणी सुटतं, त्यामुळे उष्णता आणि मोठा दाब हवाच. इपॉक्सीत, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, तसं होत नाही, म्हणून आज हे काम घरच्या टेबलावर होतं.

तीन मिलिमीटरच्या पट्टीला पातळ सुती कापडाचे 10-12 थर लागतात. कापड आधी इस्त्रीने कडक वाळवावं. रेझिन आणि हार्डनर वजनानेच मोजावं. हार्डनर जास्त घातलं तर काम लवकर होत नाही, पट्टी मऊ राहते. रेझिनमध्ये भिजवलेले थर दोन फळ्यांमध्ये घ्यावेत आणि फळ्यांमध्ये तीन मिलिमीटरचे ठोकळे ठेवून शिकंजा आवळावा. ठोकळ्यांशिवाय आवळलं की रेझिन पिळून निघतं आणि भोक पाडताना थर सुटतात. दमट हवेत वर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊनच पॉलिशपेपर लावावा. किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांसाठी वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन इथे नको: ते आकसतं, चिकटतंही कमी.

दोन्ही पट्ट्या एकत्र चिकटवून 1.6 मिलिमीटरचं भोक एकदमच पाडावं. पितळी पिन हलक्या ठोक्यांनीच बसवावी; जोराच्या ठोक्याने ती भोकात फुगते आणि पट्टी काठापर्यंत तडकते.