अजिंठ्याच्या भिंतीवरचा बाजार आणि आपला खानदेश

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातली राजपुत्र विश्वंतराची गोष्ट, रंगवलं आहे. पाऊस आणणारा पांढरा हत्ती राजपुत्राने दान करून टाकला, प्रजा खवळली आणि त्याला बायकोमुलांसह वनवासात जावं लागलं. पण चार घोड्यांचा रथ शहराबाहेर निघतो तिथे माझी नजर रथावर ठरत नाही, दुकानांकडे जाते. एका दुकानदाराच्या हातात तागडी, दुसरा भांड्यातून तेलासारखं काही ओततोय. कथेत हे शहर म्हणजे शिबी देशाची राजधानी जेतुत्तर. मला मात्र तो तागडीवाला आपल्याच पेठेतला वाटतो, आणि तसं वाटायला आधार आहे.

याच लेण्याच्या ओसरीत शिलालेख आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, त्याच्या एका मांडलिक राजाने हे लेणं खोदवलं. रविसांब हा धाकटा भाऊ गेला आणि त्या दुःखात राजा दानधर्माकडे वळला. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी या राजाच्या घराण्याचं राज्य ऋषिक देशात, म्हणजे आजच्या खानदेशात, असल्याचं मांडलं. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण पायथ्याची वाघूर जामनेर तालुक्यातून वाहत येऊन तापीलाच मिळते. दानशूर राजपुत्राची गोष्ट भावाच्या शोकातून दान करणाऱ्या राजाच्या लेण्यात यावी, हे मला फार जवळचं वाटतं.

पुढे या चित्रांच्या नकलांचे हाल झाले. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून अजिंठ्यात नकला करत होते. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून पुन्हा कामाला लागले. त्यांच्याही कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. गिल 1879 मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

मूळ चित्र चिखल आणि भाताच्या तुसाच्या गिलाव्यावर, वर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेलं. ते अजून भिंतीवर आहे. जळगावहून सकाळची एसटी धरली, तर दुपारच्या आत त्या दुकानांसमोर उभं राहता येतं.