सर्जनशीलता : उपजत की अर्जित

नवे आणि अर्थपूर्ण असे काही घडवण्याची क्षमता. ‘प्रतिभा’ हा जुना शब्द आणि ‘सर्जनशीलता’ हा मानसशास्त्रामुळे रुळलेला शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरतात. मात्र प्रतिभा म्हटले की ती जन्मजात असणार, असे धरून चालण्याची सवय आहे.

संस्कृत साहित्यशास्त्रात हा प्रश्न ‘काव्यहेतू’, म्हणजे काव्याची कारणे, या प्रकरणात येतो. दंडी (सु. ७ वे शतक) नैसर्गिक प्रतिभा, विपुल व निर्मळ श्रुत (ऐकून-शिकून मिळवलेले ज्ञान) आणि नेटाचा अभ्यास अशी तीन कारणे देतो. पण लगेच पुढच्या श्लोकात तो सवलत देतो : प्रतिभा नसली, तरी श्रवण आणि यत्न यांनी उपासना करणाऱ्यावर वाग्देवी काहीतरी कृपा करतेच. रुद्रट (सु. ९ वे शतक) प्रतिभेचेच सहजा (जन्मजात) व उत्पाद्या (प्रयत्नाने निर्माण होणारी) असे दोन प्रकार मानतो.

मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’ने (सु. ११ वे शतक) दिलेले उत्तर पुढे सर्वाधिक मान्य झाले. शक्ती (प्रतिभा), निपुणता (बहुश्रुतता) आणि अभ्यास ही तीन नावे घेऊनही त्याने ‘हेतुः’ असे एकवचन योजले आणि वृत्तीत, म्हणजे स्वतःच्याच स्पष्टीकरणात, ‘हेतुर्न तु हेतवः’ (हेतू एक, अनेक नव्हेत) असे मुद्दाम स्पष्ट केले. तिन्ही मिळून एक कारण. सुटेपणी एकही नाही. हे समजावताना दंडचक्रादिन्याय, म्हणजे काठी, चाक इत्यादींचा दृष्टांत, सांगतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात चाक, ते फिरवणारी काठी आणि माती यांतले काहीही वगळले, तर मडके होत नाही. याउलट तृणारणिमणिन्यायात गवत, अरणी (घासून अग्नी काढायचे लाकूड) किंवा सूर्यकांत मणी यांपैकी कशानेही अग्नी पेटतो. जगन्नाथ पंडिताचे (१७ वे शतक) मत या दुसऱ्या न्यायाकडे झुकते : काव्याचे कारण एकटी प्रतिभा, ती मात्र कोणात देवतेच्या वा सत्पुरुषाच्या प्रसादाने, तर कोणात व्युत्पत्ती (बहुश्रुतता) व अभ्यास यांनी उपजते. मम्मटाची बाजू अधिक भक्कम वाटते, कारण ‘शक्ती’ची व्याख्या करताना त्याने ‘संस्कारविशेष’ (मनावर उमटलेला विशेष ठसा) हा शब्द वापरला आहे. वामनानेही (सु. ८ वे–९ वे शतक) कवित्वाच्या बीजाला जन्मांतरातून आलेला संस्कार म्हटले होते. म्हणजे ज्याला आपण उपजत म्हणतो, तेही या परंपरेत पूर्वी कधीतरी कमावलेलेच ठरते. 

पाश्चात्त्य चर्चेत फ्रान्सिस गाल्टनने १८६९ मध्ये असामान्य बुद्धी आनुवंशिक असल्याचे मांडले. १९५० मध्ये जे. पी. गिलफर्डने अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणातून सर्जनशीलता हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून पुढे आणला. त्याच्या धर्तीच्या कसोटीत ‘विटेचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा’ असे विचारतात. भिंत, ओटा, चूल ही उत्तरे एकाच वळणाची. कागद उडू नयेत म्हणून ठेवायचे वजन किंवा कुटून केलेला लाल रंग सुचला, तर विचाराने वळण बदलले. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्डने मांडलेल्या बुद्धीच्या घटकांच्या रचनेवर आधारित कसोट्या आणि प्रशिक्षण यांवर दीर्घकाळ काम केले आहे. या घटकांचे प्रशिक्षण देता येते, ही त्यामागची धारणा. अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांचे व्हायोलिनवादकांवरील संशोधन (१९९३) अभ्यासाच्या बाजूने नेहमी पुढे केले जाते; पण ते वादनातील प्रावीण्याविषयी आहे, नवनिर्मितीविषयी नव्हे.

प्रावीण्य आणि नवनिर्मिती यांचा सांधा ख्यालगायनात जवळून दिसतो. भीमसेन जोशी लहानपणी घर सोडून गेले ते गुरूच्या शोधात. ओढ आधीची, कुंदगोळला गुरूकडे मिळालेली तालीम नंतरची. त्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून महोत्सव होतो. तालमीत शिष्य प्रथम गुरूची जागा, म्हणजे गाण्यातली खास स्वराकृती, जशीच्या तशी घोटतो. पुढे केव्हातरी गाता गाता त्याला न शिकवलेली जागा सुचते. गवई तिला ‘उपज’ म्हणतात.