परतणाऱ्या सैनिकाचे घड्याळ

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने आपल्या बहुतेक सैनिकांना प्रत्येकी सुमारे १२ महिन्यांसाठी रणभूमीवर पाठवले. मुदत भरली की सैनिक विमानात बसे आणि दोन-तीन दिवसांत आपल्या गावी पोहोचे. पलटणीतील सोबती जंगलातच राहिलेले असत आणि गाव त्याच्याविना पुढे गेलेले असे. अमेरिकन लेखक जो हाल्डमन हे अशा परतलेल्या सैनिकांपैकी एक. १९६७ मध्ये भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र या विषयांची पदवी मिळताच ते सक्तीच्या भरतीत ओढले गेले, लढाऊ अभियंता म्हणून व्हिएतनामला गेले आणि तेथे गंभीर जखमी झाले. त्यांची ‘द फॉरेव्हर वॉर’ ही कादंबरी १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आली. लष्करी विज्ञानकथा या प्रकारातील पुष्कळ कथांमध्ये विज्ञान शस्त्रागारापुरतेच असते. या कादंबरीत मात्र विज्ञानाचा एक नियम हीच सैनिकाची जखम आहे, आणि म्हणूनच ती मला या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची कृती वाटते.

तो नियम आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतातून निघतो. वेगाने जाणाऱ्या यानातील घड्याळ, मागे राहिलेल्यांच्या घड्याळाच्या तुलनेत, सावकाश चालते. यालाच कालप्रसरण म्हणतात. वेग प्रकाशाच्या ६० टक्के असला, तर यानात ४ वर्षे जातात तेव्हा पृथ्वीवर ५ वर्षे उलटतात. वेग ९९ टक्के झाला, तर यानातील एका वर्षामागे पृथ्वीवरील सुमारे ७ वर्षे सरतात. प्रकाशाच्या वेगाजवळ जावे तसे हे गुणोत्तर अफाट वाढते.

ही केवळ कागदावरची आकडेमोड नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सिझियमची आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. जमिनीवरील घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) मागे पडली, तर पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. वेग घड्याळ मंदावतो, तर उंचीवरील क्षीण गुरुत्वाकर्षण ते जलद करते; या दोहोंचा परिणाम धरून केलेल्या भाकिताशी हे फरक जुळले. म्यूऑन या कणाचे उदाहरण तर आपल्या डोक्यावरच घडत असते. वातावरणात साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मणाऱ्या या कणाचे सरासरी आयुष्य फक्त २.२ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षावे भाग) असते, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही त्याने जेमतेम ६६० मीटर जावे. तरीही असंख्य म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ मंदावलेले असते.

कादंबरीचा नायक विल्यम मँडेला हा भौतिकशास्त्र शिकलेला तरुण आहे, आणि परग्रहवासीयांशी लढण्यासाठी त्याला भरती केले जाते. पहिल्या मोहिमेनंतर तो घरी येतो, तेव्हा त्याच्या वयात थोडीच वर्षे वाढलेली असतात. पृथ्वीवर मात्र काही दशके उलटलेली असतात. तेथे त्याला राहवत नाही आणि तो पुन्हा सैन्यात जातो. प्रत्येक मोहिमेगणिक त्याचे जग आणखी दूर सरकते, भाषा आणि चालीरीती बदलतात, आणि ११४३ वर्षे चाललेले युद्ध संपते तेव्हाही तो तरुणच असतो.

हाल्डमन यांनी हाच नियम रणनीतीलाही लावला आहे. वेगाने निघालेले जहाज शत्रूपर्यंत पोहोचेतो तिकडे शतके उलटलेली असू शकतात. म्हणून समोरची शस्त्रे आपल्यापेक्षा फार पुढची असतील की फार मागची, हे सेनापतीला सांगता येत नाही. शत्रूच्या बळाचा अंदाज घेणे ही युद्धशास्त्राची पहिली पायरी, आणि येथे तीच निखळते.

बारीक तपशिलांतही त्यांचे शिक्षण दिसते. यंत्रचलित चिलखत रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ मधील ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीतही आहे. पण हाल्डमन यांचे चिलखत तापते. निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवा नसते, म्हणून त्याच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकणारी पाती आहेत, आणि ती गोठलेल्या वायूंच्या बर्फाला टेकली की स्फोट होऊ शकतो. शत्रूच्या गोळीआधी सैनिकाला उष्णतेच्या साध्या नियमाची भीती बाळगावी लागते. कोसळलेल्या ताऱ्यांमधून, म्हणजे कृष्णविवरांमधून, क्षणात दूर जाण्याची त्यांची युक्ती मात्र काल्पनिकच आहे. ज्ञात भौतिकशास्त्रानुसार कृष्णविवरात शिरलेले जहाज बाहेर येत नाही.

शेवटी मँडेलाला त्याची प्रेयसी मेरीगे हिने सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली चिठ्ठी मिळते. ती एका यानातून पाच प्रकाशवर्षे दूर जाऊन परत येत राहिली आहे; दर दहा वर्षांत तिचे वय केवळ एका महिन्याने वाढते. दहा वर्षे म्हणजे १२० महिने, तेव्हा गुणोत्तर १२० आणि त्यासाठी लागणारा वेग प्रकाशाच्या ९९.९९६५ टक्के. एवढ्या वेगाने पाच प्रकाशवर्षे जाऊन येण्यास पृथ्वीवरची दहाच वर्षे लागतात, हेही जुळते. काटेकोर वाचक एक आक्षेप घेईल: शरीराला सोसेल अशा, पृथ्वीवरील गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने हा वेग गाठायचा, तर यानातील घड्याळानेच पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. आक्षेप बरोबर आहे. तरीही ज्या नियमाने या दोघांना शतकांच्या अंतरावर फेकले, त्याच नियमाच्या आधारे ती त्याची वाट पाहते, आणि अडीचशे वर्षांच्या त्या प्रतीक्षेत तिचे वय जेमतेम दोन वर्षांनी वाढते.